आधी पलटण शोधा, नाव सर्वांत शेवटी

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या देवळाच्या आवारात संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर '१९१४-१९१९', 'ग्वाल्हेर इन्फंट्री' आणि काही नावे आहेत. त्यांतले एक तुमच्या पणजोबांच्या धाकट्या भावाचे. घरात सांगतात की ते बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) गेले आणि परत आले नाहीत. ते कोणत्या लढाईत पडले हे तुम्हाला शोधायचे आहे. इंटरनेटवर नाव टाकून पाहिले तर काहीच हाती लागत नाही.

नाव टाकून लागणारही नाही. पण त्याआधी पाटी नीट वाचा. नावांच्या वर किंवा खाली 'कामी आले', 'मृत्यू पावले' असे काही कोरले आहे का? युद्धानंतर सरकारने गावोगावी ज्या पाट्या लावल्या, त्यांवर बहुधा नुसते आकडे असतात: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. नावांची पाटी म्हणजे ती कोणीतरी हौसेने, वर्गणी काढून लावलेली. अशा पाटीवर नुसती गेलेल्यांची यादीही असू शकते. पाटीवर नाव आहे म्हणून माणूस तिकडेच मेला असे धरून चालू नका.

आता बसरा. माझ्या मते घरातली ही आठवण अर्धीच खरी आहे. ग्वाल्हेर दरबाराची चौथी पलटण इजिप्तला गेली आणि तिसरीची अर्धी तुकडी पूर्व आफ्रिकेत, नोव्हेंबर १९१४ च्या टांगा बंदरावरच्या मोहिमेत होती. बसऱ्याला गेल्या त्या ब्रिटिश फौजेतल्या मराठा पलटणी. पूना डिव्हिजनमधल्या १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी तर इराकमधल्या कुतला तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळ्या फौजेबरोबर कैद झाल्या. त्या कैद्यांच्या हालअपेष्टांच्या कहाण्या इतक्या पसरल्या की पुढे घरोघरी 'लढाईवर गेला' म्हणजे 'बसऱ्याला गेला' असेच झाले. तेव्हा घरची आठवण आणि पाटी यांत वाद असेल तर मी पाटीच्या बाजूने उभा राहीन. अपवाद एकच: ते दरबारच्या फौजेत नसून मराठा पलटणीत असल्याचा कागद घरात निघाला तर.

चौथ्या ग्वाल्हेरचा प्रवास बऱ्यापैकी माहीत आहे. सुरुवातीला अलवर आणि पतियाळाच्या संस्थानी पलटणींबरोबर ३२ व्या ब्रिगेडमध्ये सुएझ कालव्याच्या राखणीला. फेब्रुवारी १९१५ मध्ये तुर्कांनी कालव्यावर हल्ला केला तो याच काळातला. शेवटी सप्टेंबर १९१८ मध्ये जनरल चेटरच्या हाताखाली जॉर्डनच्या खोऱ्यात, २० व्या हिंदी (म्हणजे भारतीय) ब्रिगेडमध्ये. गंमत अशी की त्याच ब्रिगेडमध्ये ११० वी मराठा होती, कुतला कैद झाल्यावर नव्याने उभी केलेली. या फौजेने अम्मान घेतले, पण त्या खोऱ्यात मलेरियाने माणसे भराभर आडवी केली. पूर्व आफ्रिकेतही तीच गत, तापाने आणि हगवणीने गोळीपेक्षा जास्त माणसे खाल्ली. 'कोणत्या लढाईत पडले' याचे उत्तर 'कोणत्याच नाही, इस्पितळात गेले' असे निघू शकते. घरातल्यांची तशी तयारी असू द्या.

इथे एक गोष्ट घरच्या म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारा, कारण ती कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. त्यांचे श्राद्ध कधी घालत? पितृपक्षातल्या चतुर्दशीला घालत असतील तर ती शस्त्राने मेलेल्यांची तिथी, म्हणजे घरी तशी बातमी आली होती. सर्वपित्रीला घालत असतील तर तिथी माहीत नव्हती. आणि एखादी वेगळीच तिथी असेल तर ती मृत्यूची असेल किंवा तार-पत्र पोचल्याची. बातमी कळली त्या दिवसाची तिथी धरण्याचीही पद्धत आहे. ती लिहून ठेवा, पुढे ताडून पाहायला कामाला येईल.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात वारलेल्या सैनिकांची थडगी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर जा. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत वारलेल्यांची तिथे नोंद असते. नाव टाकू नका. पहिले महायुद्ध आणि रेजिमेंटच्या रकान्यात 'ग्वाल्हेर' इतकेच टाका (इंग्रजीत लिहायचे, शेवटी आर असलेले स्पेलिंग), निघेल ती सगळी यादी उतरवून घ्या आणि एकेक नाव मोठ्याने वाचा. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असते. आडनाव गायब, 'राव' तुटून वेगळा शब्द, सखारामचा 'सुखा राम'. डोळ्याला न पटणारे नाव कानाला पटते. शिवाय शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव, गाव आणि तहसील असते. खरी ओळख तिथेच पटते, नावात नाही.

इजिप्त आणि पॅलेस्टाईनमध्ये वारलेल्या, थडगे नसलेल्या हिंदी सैनिकांचे स्मारक सुएझजवळ पोर्ट तौफिकला होते. इस्रायल-इजिप्तच्या लढायांत ते मोडले, आणि १९८० मध्ये कैरोच्या हेलिओपोलिस स्मशानात नवे उभारले. आफ्रिकेतल्यांसाठी दार-ए-सलाम आणि नैरोबीची स्मारके पाहा. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र हिंदी शिपायांची नावे कोरलीच नाहीत, अधिकाऱ्यांची कोरली आणि शिपायांचे नुसते आकडे. मला हे आजही चीड आणणारे वाटते. कमिशनने २०२१ मध्ये अशा भेदभावाबद्दल माफी मागितली, तीही शंभर वर्षांनी.

लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या युद्ध-डायऱ्यांविषयी, म्हणजे पलटणींच्या रोजच्या नोंदवह्यांविषयी, लोक फार आशा धरतात. त्यांत गोरा अधिकारी पडला तर नावानिशी लिहितात, शिपाई पडले तर 'तीन जखमी, एक मृत'. पण तारीख हातात असेल तर त्या दिवशी पलटण कुठे होती, काय करत होती हे नेमके कळते. म्हणून डायरी आधी नको, कमिशनच्या नोंदीनंतर पाहा. पंजाबच्या भरतीच्या रजिस्टरांची हल्ली फार चर्चा आहे, त्यांचा तुम्हाला उपयोग नाही. ती पंजाबपुरतीच आहेत.

दरबारच्या कागदांसाठी भोपाळच्या राज्य अभिलेखागारात अर्ज करा. विधवेला पेन्शन किंवा जमीन मिळाली असेल तर तिचा माग सैनिकी कागदांपेक्षा महसुली कागदांत लवकर लागतो. ग्वाल्हेरच्या जुन्या 'जयाजी प्रताप' या वर्तमानपत्राचे १९१५ ते १९१९ चे अंक कुठे चाळायला मिळाले तर सोडू नका. जुने काही कागद मोडी लिपीत निघाले तर घाबरू नका, त्यांचे फोटो इथे टाका. वाचणारे आहेत.

बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र पाठवण्याचा सल्ला तुम्हाला या चर्चेत कोणीतरी दिला आहे. तो तुमच्या बाबतीत चुकीच्या दारावर नेणारा आहे. संस्थानी फौजा भारतीय सैन्यात विलीन झाल्या तेव्हा चौथी ग्वाल्हेर १४ कुमाऊँ (कुमाऊँ रेजिमेंटची १४ वी पलटण) झाली, आणि इंदूरची पलटण १५ कुमाऊँ. पत्र राणीखेतला, कुमाऊँ रेजिमेंटच्या केंद्राकडे जायला हवे, आणि त्यात शिपायाची फाइल न मागता पलटणीचा इतिहास मागा. फाइल मिळण्याची आशा मी धरणार नाही.

एक शेवटचे. घरात कुठल्या डब्यात, देव्हाऱ्याखाली एखादे पदक पडले असेल तर ते पॉलिश करू नका. भिंगाने त्याची कड पाहा, १९१४-१५ चा तारा असेल तर पाठ पाहा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तळहाताएवढी जड काशाची चकती निघाली तर प्रश्नच मिटला. ती युद्धात मेलेल्याच्याच घरी येत असे आणि तिच्यावर त्याचे नाव असते. तसे काही सापडले तर, आणि पाटीवरची बाकीची नावेसुद्धा, इथे लिहा. एकाच पाटीवरच्या दोघांची गावे कमिशनच्या यादीत जवळजवळ निघाली तर तिसऱ्याला शोधणे पुष्कळ सोपे जाते.