उंची ५ फूट ५ इंच, तर माउंटन बाइकची फ्रेम १७ इंची घ्यावी की १९ इंची?

तुमची उंची ५ फूट ५ इंच आहे, दुकानात १९ इंची फ्रेमची ‘२९ ची’ सायकल शिल्लक आहे आणि दुकानदार म्हणतोय, ‘सीट खाली केली की झालं.’ घ्यावी का, असा तुमचा प्रश्न. मी म्हणेन, घेऊ नका.

आधी एक घोळ निस्तरू. २९ हे चाकाचं माप आणि १९ हे फ्रेमचं. दोन्ही पायडलच्या दांड्या ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे फ्रेमचा साइझ. आपल्याकडे ‘२६ ची की २९ ची?’ एवढंच विचारलं जातं आणि फ्रेमचं विचारायचं राहून जातं. चाकं २९ ची असली तरी फ्रेम लहान मिळते.

सीट खाली केल्याने पाय पोचतील, पण हातांचं काय? सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच राहतं. माझी पहिली सायकल मी असंच ऐकून घेतली होती, उंची तुमच्याएवढीच. सिंहगडाचा चढ चढताना कोपरं ताठ व्हायची आणि वर पोचेपर्यंत मान व कंबर धरलेली असायची. वेताळ टेकडीवर तर सुट्या खडीत एकदा अचानक थांबावं लागलं, पाय टेकवला आणि दांडा जांघेत बसला. म्हणूनच माउंटन बाइकला दांडा आणि जांघ यांच्यात निदान ५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. ओबडधोबड वाटेवर तर जास्तच बरी.

आता तुमचं माप घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, कणा वर करून, दोन्ही पायांमध्ये सीटसारखं घट्ट वर दाबा आणि कण्यापासून जमिनीपर्यंत मोजा. दोन-तीनदा मोजा, कारण पहिल्यांदा बहुतेक जण पुस्तक पुरेसं दाबत नाहीत. आलेल्या सेंटिमीटरना ०.२२६ ने गुणलं की फ्रेमचा साइझ साधारण इंचांत मिळतो. ७६ सेंटिमीटर आले तर १७.२, म्हणजे १७ इंची. सारख्या उंचीच्या दोघांचे पाय सारखे नसतात, म्हणून नुसत्या उंचीच्या तक्त्यावर विसंबू नका.

पण हा गुणाकार जुन्या घडणीच्या फ्रेमना जास्त लागू पडतो. हल्लीच्या माउंटन बाइकमध्ये सीटची नळी मुद्दाम आखूड ठेवतात, त्यामुळे तो आकडा फसवू शकतो. अशा वेळी कंपनीच्या तक्त्यात ‘रीच’ बघा: पायडलच्या दांड्या फिरतात त्याच आसापासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर. उभं राहून चालवताना सायकल किती लांब वाटेल, हे त्यावरून कळतं. दोन साइझच्या मध्ये अडकलात, तर धड आणि हात लांब असल्यास मोठी घ्या, नाहीतर लहान. लहान फ्रेमची सीट वर घेता येते (सीटच्या दांडीवरची मर्यादेची खूण मात्र बाहेर दिसता कामा नये). मोठ्या फ्रेमचा स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) आखूड करून थोडा फरक पडतो, पण पूर्ण एक साइझ भरून निघत नाही.

दुकानात गेलात की टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली आणा आणि पाय सरळ होईल एवढी सीट लावून घ्या. मग पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. तशीच दहा मिनिटं चालवा, जवळ चढ असेल तर चढावर न्या, आणि कोपरं सैल राहतात का बघा. ताणली जात असतील तर १७ इंची मागवायला सांगा, आठवडाभर थांबावं लागलं तरी.