‘हे खरे आहे काय?’ : आमदारांचे प्रश्न, मंत्र्यांची उत्तरे

अधिवेशनाच्या बातम्या वाचून अनेक वाचकांनी प्रश्नोत्तराच्या तासाबद्दल विचारले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्पदंशाचे इंजेक्शन मिळत नव्हते. आमदारसाहेबांनी विधानसभेत प्रश्न विचारला. छापील उत्तर आले : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ औषध नव्हते हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मग असे उत्तर देता तरी कसे येते? (शेतकरी, मराठवाडा)

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. पण अशा उत्तराला वाट बहुतेकदा प्रश्नानेच करून दिलेली असते. विधिमंडळातल्या प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे. ‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग (१) अमुक गोष्ट अमुक दिवशी वा त्यासुमारास निदर्शनास आली, हे खरे आहे काय; (२) असल्यास, चौकशी केली आहे काय; (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व कोणती कार्यवाही केली; (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? पुढचे तिन्ही भाग पहिल्या भागाच्या खुंटीला टांगलेले असतात. खुंटी निखळली की सगळेच खाली येते.

आता पहिला भाग ‘तालुक्यातील आरोग्य केंद्रांत औषधांचा प्रचंड तुटवडा असून रुग्णांचे अतोनात हाल होत आहेत’ असा लिहिला, तर उत्तराचा मसुदा करणाऱ्याचे काम सोपे होते. बहुतेक औषधे साठ्यात होती ना? मग ‘प्रचंड तुटवडा’ खरा नाही. विधान जितके मोठे, तितके नाकारायला सोपे.

तोच प्रश्न असा लिहून पाहा : ‘(१) ३० जून रोजी तालुक्यातील किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्पदंशावरील लसीचा साठा शून्य होता, (२) त्या केंद्रांनी मागणी कोणत्या तारखेला नोंदवली व पुरवठा कोणत्या तारखेला झाला, (३) एप्रिल ते जून या काळात सर्पदंशाचे किती रुग्ण लस नसल्यामुळे ग्रामीण वा जिल्हा रुग्णालयात पाठवावे लागले, (४) पुरवठ्यास उशीर झाला असल्यास त्याची कारणे काय आहेत?’ पहिल्या तीन भागांना ‘हे खरे नाही’ हे उत्तर बसतच नाही. आकडा द्यावा लागतो, तारीख द्यावी लागते. आणि ही माहिती नव्याने गोळा करावी लागत नाही. केंद्राच्या साठा नोंदवहीत, औषधसाठ्याची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या ई-औषधी प्रणालीत आणि रुग्ण पुढे पाठवल्याच्या नोंदींत ती असते. जी नोंद कुठेतरी ठेवलेली आहेच, तीच मागावी. विशेषणे काढून टाकावीत.

‘हे खरे आहे काय’ हा साचा टाकाऊ आहे असे मात्र नाही. हातात कागद असेल तेव्हा तो फार उपयोगी पडतो. ‘तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी अमुक तारखेच्या पत्राने लस संपल्याचे वरिष्ठांना कळवले होते, हे खरे आहे काय’ असे विचारले की पत्राचे अस्तित्व नाकारणे कठीण होते. असा कागद माहितीच्या अधिकारात मिळवता येतो. राज्यात अर्जाला १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत. कायद्याप्रमाणे माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. या अर्जाने कागद हाती येतो, तर विधिमंडळातल्या प्रश्नाने त्या कागदावर मंत्र्याचे म्हणणे नोंदले जाते. दोन्ही जोडीने वापरावीत.

प्रश्न : आमदारांकडे विषय कधी आणि कसा द्यावा? अधिवेशन सुरू झाल्यावर गेलो, तर ‘आता उशीर झाला’ असे सांगितले. (ग्रामपंचायत सदस्य, जि. सातारा)

उत्तर : त्यांनी खरेच सांगितले. आपल्याकडे वर्षाला तीन अधिवेशने होतात : अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी सहसा डिसेंबरमध्ये नागपूरला. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी विधानमंडळ सचिवालयात जातात, कारण विभागाला माहिती मागवायला वेळ लागतो. म्हणून आपला कागद जानेवारीच्या सुरुवातीला, मेच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबर संपण्याआधी आमदारांकडे पोचलेला बरा.

एक पान पुरे. गाव, योजना वा संस्थेचे नेमके नाव, तारीख, आधी कोणाकडे कधी तक्रार केली, त्याचे काय झाले, आणि काय विचारायचे आहे ते तीनचार ओळींत. सोबत कागदांच्या प्रती. पाच विषयांचे निवेदन देऊ नका. रस्ता, वीज, शाळा आणि पाणी एकाच प्रश्नात कोंबले, तर ते एका विभागाचे राहत नाही आणि नाकारले जाते.

विभाग कोणता हेही आधी पाहा. जिल्हा परिषदेच्या रस्त्याचा प्रश्न ग्रामविकास विभागाकडे जातो, राज्यमार्गाचा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्गाचा असेल, तर तुमच्या खासदारांना गाठा. चुकीच्या विभागाला गेलेला प्रश्न हस्तांतरित होता होता अधिवेशन संपते.

प्रश्न : प्रश्न नाकारला जातो तो कशावरून? (विधी शाखेची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : प्रश्न दाखल करून घ्यायचा की नाही हे अध्यक्ष ठरवतात, परिषदेत सभापती. लोकसभेच्या ४१व्या नियमात कसोट्या दिल्या आहेत आणि राज्यांच्या नियमांचा गाभाही तोच आहे. प्रश्नात तर्क, युक्तिवाद, उपरोध वा बदनामीकारक मजकूर नको. मत विचारायचे नाही, ‘असे झाले तर’ असे काल्पनिक काही विचारायचे नाही. न्यायप्रविष्ट बाब नको. आधी दिलेले उत्तर पुन्हा मागायचे नाही, सहज मिळणाऱ्या प्रकाशनांतली माहितीही मागायची नाही. एका उत्तरात मावणार नाही एवढे मोठे धोरण विचारायचे नाही. त्यासाठी चर्चा आहे. लोकसभेत प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा न्यायप्रविष्ट या शब्दावरून होतो. कंत्राटाचा वाद न्यायालयात असेल, तर त्या वादाबद्दल विचारता येत नाही. पण त्या कामावर आतापर्यंत किती खर्च झाला आणि पर्यायी पाणीपुरवठ्याची काय व्यवस्था केली, हे वेगळे विषय आहेत. प्रश्न तसा कापून, वेगळा करून लिहावा.

प्रश्न : तारांकित, अतारांकित, लक्षवेधी यांत फरक काय? कोणते आयुध कधी वापरावे? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात उभे राहून देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर फक्त लेखी मिळते. आकडे, याद्या, तालुकावार तक्ते हवे असतील तर अतारांकित चांगला. मंत्र्याकडून निर्णय वा मुदत काढून घ्यायची असेल तर तारांकित. अल्पसूचना प्रश्न तातडीच्या बाबीसाठी असतो, पण त्याला मंत्र्याची तयारी लागते. एखाद्या उत्तराने समाधान झाले नाही, तर त्याच विषयावर अर्धा तास चर्चा मागता येते.

लक्षवेधी सूचना ही आपल्याकडे, भारतात, घडलेली पद्धत आहे. लोकसभेत ती १९५४ पासून आहे. विधानसभेत नियम १०५, विधानपरिषदेत नियम १०१ अन्वये ती दिली जाते. मंत्री निवेदन करतात आणि सदस्य त्यावर प्रश्न विचारतात. ताज्या, तातडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीला ती योग्य. तीन वर्षांपासून रखडलेल्या पुलासाठी लक्षवेधी द्यायची, तर त्यात नवे काय घडले ते आधी दाखवावे लागते. मोठ्या धोरणावर विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६० अन्वये चर्चा मागतात.

प्रश्न : यादीत इतके प्रश्न असतात, मग सभागृहात मोजकेच का होतात? उरलेल्यांचे काय? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : वेळ एक तासाचा असतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. कोणाचा प्रश्न यादीत लागणार ते लोकसभेत सोडतीने ठरते, आणि एका सदस्याचा दिवसाला एकच तारांकित प्रश्न लागतो. मूळ प्रश्नकर्त्याला सहसा दोन उपप्रश्न मिळतात, मग इतरांना. एकेका प्रश्नाला दहाबारा मिनिटे लागली की तासात पाचसहाच प्रश्न होतात. लोकसभेत यादीतले सगळे २० प्रश्न पुकारले गेले असा दिवस १९७२ नंतर थेट नोव्हेंबर २०१९ मध्ये आला, यावरून तो किती दुर्मीळ आहे ते कळेल. न पोचलेल्या प्रश्नांची उत्तरे लेखी पटलावर ठेवली जातात. म्हणजे माहिती मिळते, पण उपप्रश्नाची संधी जाते. गोंधळात हा तास वाहून गेला की नेमके हेच नुकसान होते, आणि ते विरोधकांचेच जास्त होते.

उपप्रश्नाची तयारी हा खरा कस आहे. आपल्याकडे छापील उत्तर आधीच सदस्यांच्या हाती असते. तरी कित्येक जण पहिली दोन मिनिटे मूळ प्रश्नच पुन्हा सांगण्यात घालवतात. उपप्रश्न एका वाक्याचा असावा आणि त्याला आकडा, तारीख किंवा ‘होय/नाही’ हेच उत्तर देता येईल असा असावा. ‘चौकशीचा अहवाल आला का? तो कोणत्या तारखेला पटलावर ठेवणार?’ मंत्र्यांसाठी विभागाने टिप्पणी केलेली असते, अधिकारी गॅलरीतून चिठ्ठ्या पाठवत असतात. तीन मिनिटांच्या भाषणातून मंत्री आपल्याला सोयीचा धागा निवडतात. एका वाक्यातून तसे करता येत नाही.

प्रश्न : ‘माहिती घेण्यात येत आहे’ या उत्तराचा अर्थ काय? आणि सभागृहात ‘बैठक लावतो’, ‘तपासून पाहतो’ म्हणतात, त्याला काही किंमत आहे का? (पाणीपुरवठा समितीच्या सदस्य, जि. नाशिक)

उत्तर : प्रश्न सचिवालयातून मंत्रालयातल्या विभागाकडे, तिथून आयुक्तालय वा संचालनालयाकडे, मग जिल्ह्याला आणि तालुक्याला जातो. उत्तर त्याच पायऱ्या चढून परत येते. एका टेबलावर कागद अडकला तरी मंत्र्यांच्या सहीपर्यंत माहिती पोचत नाही, आणि मग ‘माहिती घेण्यात येत आहे’ छापले जाते. काही वेळा कारण खरे असते. पण तालुक्याच्या कार्यालयात तयार असलेल्या आकड्यासाठी हे उत्तर आले, तर सदस्याने पुढच्या अधिवेशनात आधीच्या प्रश्नाचा क्रमांक व तारीख देऊन पुन्हा विचारावे. क्रमांक दिला की ‘पुनरावृत्ती’ म्हणून नाकारणे अवघड होते, कारण उत्तर मिळालेलेच नाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर : किंमत आहे, आणि लोकांना वाटते त्याहून जास्त. सभागृहात मंत्र्याने दिलेले आश्वासन शासकीय आश्वासन समितीकडे जाते. लोकसभेची ही समिती १९५३ पासून आहे आणि तिथे आश्वासन तीन महिन्यांत पुरे करणे अपेक्षित असते. ‘विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालतो’, ‘चौकशी सुरू आहे’ या धाटणीची कोणती वाक्ये आश्वासन मानायची, त्याची यादीच केलेली आहे. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे आणि ती विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलावू शकते. अडचण अशी की मोघम शब्दांची पूर्तताही मोघमच होते. ‘बैठक लावतो’ म्हटले आणि बैठक झाली की आश्वासन संपले, तुमच्या नळाला पाणी येवो न येवो. म्हणून सदस्याने तिथेच विचारावे : किती दिवसांत, कोणाच्या अध्यक्षतेखाली, आणि इतिवृत्त मिळणार का?

पहिल्या उत्तराने न थांबण्याचे फळ १९५७ साली दिसले. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांच्या समभागांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतवले होते. लोकसभेत आधी आलेले उत्तर मोघम होते. खासदार फिरोज गांधींनी डिसेंबरमध्ये तारखा आणि भाव घेऊन विषय पुन्हा लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाची उघड सुनावणी मुंबईत झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

प्रश्न : मंत्र्याने चुकीचे उत्तर दिले तर? (वाचक, ठाणे)

उत्तर : चूक लक्षात आल्यावर मंत्री स्वतः दुरुस्तीचे निवेदन करू शकतात. लोकसभेत सदस्याला अध्यक्षांच्या ११५व्या निदेशाखाली चूक लेखी दाखवून देता येते. हक्कभंगाची सूचना सगळेच देतात, पण तिथे मंत्र्याने जाणूनबुजून दिशाभूल केली हे दाखवावे लागते. खालून आलेली चुकीची माहिती वाचली, तेवढ्याने हक्कभंग होत नाही. आपल्याकडे सरकारी कागदाची प्रत असेल, तर दुरुस्तीचा मार्ग लवकर फळ देतो.

प्रश्न : एकाने ‘खर्च द्या, प्रश्न लावून देतो’ असे सांगितले. असे चालते का? (लघुउद्योजक, विदर्भ)

उत्तर : मुळीच नाही. एक रुपयाही देऊ नका. प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून २३ डिसेंबर २००५ रोजी ११ खासदारांना सदस्यत्व गमवावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती कारवाई वैध ठरवली. सभागृहातल्या मतासाठी वा भाषणासाठी लाच घेणाऱ्याला विशेषाधिकाराचे कवच मिळत नाही, असा निकाल सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी दिला. आमदारांना विषय देणे हा तुमचा हक्क आहे आणि त्याला शुल्क नाही.

प्रश्न : प्रश्न विचारण्याचा हक्क स्वातंत्र्यानंतरचा का? (शाळकरी विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : नाही, तो १८९२च्या कायद्याने आला, तोही उपप्रश्नाशिवाय. केंद्रीय कायदेमंडळातला पहिला प्रश्न फेब्रुवारी १८९३ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातल्या भिंगा या गावच्या राजांनी विचारला. दौऱ्यावरच्या सरकारी अधिकाऱ्यांना सामान पुरवताना गावच्या दुकानदारांना होणाऱ्या त्रासाबद्दल तो होता. १९०९ मध्ये उपप्रश्नाची मुभा मिळाली, पण फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. १९१९च्या सुधारणांनंतर ती सगळ्या सदस्यांना मिळाली.

प्रश्न : आमच्या आमदारांनी काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, ते कुठे पाहायचे? (गृहिणी, सोलापूर)

उत्तर : विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित आणि अतारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या अधिवेशनवार असतात. यादीत सदस्याचे नाव, मतदारसंघ आणि प्रश्न क्रमांक दिलेला असतो. एका प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे दिसतील. एकाच विषयावरच्या सूचना एकत्र केल्यामुळे तसे होते. म्हणून केवळ नावांची मोजदाद करू नका. पहिले नाव कोणाचे, उपप्रश्न कोणी विचारला हे सभागृहाच्या कार्यवाहीच्या वृत्तांतात पाहा. प्रश्न क्रमांक आणि तारीख वहीत टिपून ठेवा; आश्वासनाचा पाठपुरावा करताना पहिल्यांदा तेच विचारले जाते.