खाल्डियन, कॅल्डियन की खास्दी?

ताई, तुमचा प्रश्न असा की डेट्रॉइटजवळ स्टर्लिंग हाइट्सला तुमच्या शेजारी एक इराकी कुटुंब आहे, त्यांना तुम्ही सहज 'अरब' म्हणालात तर त्यांच्या आजी लगेच म्हणाल्या 'नाही, आम्ही कॅल्डियन'. तर टिळकांच्या लेखातले खाल्डियन ते हेच का, जाहिरातीतलं 'कॅल्डियन अंकशास्त्र' यांचंच का, आणि मराठीत लिहायचं कसं?

आधी मूळ शब्द. इसवी सनापूर्वी नवव्या शतकापासून अक्कादी या इराकच्या प्राचीन भाषेतल्या लेखांत 'काल्दू' नावाचे लोक भेटतात, इराकच्या अगदी दक्षिणेला, दलदलीच्या मुलखात राहणारे. त्यांच्या टोळ्यांची नावं 'बीत' म्हणजे 'घर' या शब्दाने सुरू व्हायची, बीत-याकिन, बीत-दक्कुरी अशी. यांच्याच नावाने ओळखलं जाणारं राजघराणं इ.स.पू. ६२६ मध्ये बॅबिलोनच्या गादीवर आलं, नेबुकद्नेझर त्यातलाच, आणि ५३९ मध्ये इराणच्या सायरसने ते संपवलं. आता गंमत बघा, हिब्रूत याच लोकांना 'कस्दीम' म्हणतात. त, द यांच्या आधी आलेल्या श-स चा ल होणं ही अक्कादीची सवय, त्यामुळे तिथे काल्दू झालं, हिब्रूने जुना स तसाच ठेवला. मराठी बायबलात 'खास्दी' हा शब्द येतो ना, अब्राहामाचं ऊर गाव खास्द्यांचं, तो या हिब्रू वाटेने आलेला आहे. आणि 'खाल्डियन' ग्रीक वाटेने, कारण ग्रीकांनी त्यांचं नाव 'खी' या अक्षराने लिहिलं. आपल्या 'ख्रिस्त' मधला ख सुद्धा त्याच अक्षराचा. 'कॅल्डियन' हा सरळ इंग्रजी उच्चार. म्हणजे मराठीत एकाच नावाला तीन दारं झाली.

पुढे ग्रीक आणि रोमन लोक या शब्दाचा अर्थ सरळ 'ज्योतिषी' असा करायला लागले, बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातही तो राजदरबारातल्या शकुन सांगणाऱ्यांसाठी येतो. जाहिरातीतलं अंकशास्त्र या अर्थाच्या पुण्याईवर चालतं, पण त्यात इंग्रजी अक्षरांना आकडे दिलेले असतात आणि बॅबिलोनला लिहायचे ओल्या मातीच्या विटेवर खिळ्यासारख्या खुणांनी, तिथे एबीसीडी कुठून येणार? त्याचा तुमच्या शेजाऱ्यांशी काही संबंध नाही.

टिळकांचं वेगळं. त्यांचा इंग्रजी लेख १९१७ च्या भांडारकर गौरवग्रंथात आहे, त्यात ते अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातल्या सर्पविषाच्या सूक्तातले तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला असे कोड्यात टाकणारे शब्द घेतात आणि तैमात म्हणजे बॅबिलोनच्या कथेतली समुद्रदेवी तिआमत असं सुचवतात. त्या काळी 'खाल्डियन' हा शब्द सुमेर, अक्काद, बॅबिलोन सगळ्याला मिळून वापरायचे. आज तो इतका सैल वापरू नये असं मला वाटतं.

आता आजींकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. त्यांचे पूर्वज पूर्वेकडच्या प्राचीन ख्रिस्ती चर्चचे, ज्याला बाहेरचे लोक 'नेस्टोरियन' म्हणत, आणि रोमच्या, म्हणजे पोपच्या कॅथलिक चर्चच्या, कानाला त्या शब्दात पाखंडाचा वास यायचा. १४४५ मध्ये सायप्रसमधले त्यांच्यातले काही लोक रोमशी जोडले गेले तेव्हा पोप चौथ्या युजीनने फर्मावलं की यांना यापुढे नेस्टोरियन म्हणायचं नाही, आणि तिथे 'कॅल्डियन' हे नाव पुढे आलं. मग १५५३ मध्ये उत्तर इराकमधल्या अल्कोशजवळच्या डोंगरातल्या रब्बान होर्मिझ्द मठाचे प्रमुख योहन्नान सुलाका रोमला जाऊन पॅट्रिआर्क, म्हणजे चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, होऊन आले, दोनच वर्षांत त्यांचा खून झाला, पण ती परंपरा तुटत-जुळत टिकली. जे रोमशी जोडले गेले नाहीत त्यांच्यासाठी पुढे 'असिरियन' हे नाव रूढ झालं. भाषा एक, प्रार्थनेची रीत जवळपास एक, नावं दोन. आणि आपल्या त्रिशूरला जे 'कॅल्डियन सिरियन चर्च' आहे ते रोमचं नाहीच, ते असिरियन चर्चचं आहे! नावावरून माणसं ओळखायला गेलं की असं होतं.

यांची गावं सगळी उत्तरेला, मोसुलच्या आसपास, म्हणजे जुन्या काल्दूंच्या दलदलीपासून शेकडो किलोमीटर लांब. अल्कोश, तेल केपे, बतनाया, तेस्कोपा, करमलेश, आणि एर्बिलजवळचं अंकावा. तेल केपे म्हणजे दगडांची टेकडी. डेट्रॉइटला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे पहिले आले त्यातले पुष्कळ याच गावचे, पुढे त्यांनी किराण्याची दुकानं काढली आणि एकेक नातेवाईक बोलवत गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिसमुळे तेल केपे, बतनाया, करमलेश रिकामी झाली, लोक अंगावरच्या कपड्यांनिशी अंकाव्याला पोचले. अल्कोशची माणसंही निघून गेली होती पण त्या गावापर्यंत आयसिस पोचली नाही. हे माहीत असलं की 'अरब' म्हटल्यावर आजींना का लागलं ते कळतं. त्या घरात बोलतात ती भाषा सुरेथ, अरामीची आजची बोली, अरबीची नात्यातली पण अरबी नव्हे, आणि त्या भाषेत ते स्वतःला 'सुराया' म्हणवतात. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेत मात्र कॅल्डियन आणि असिरियन ही नावं वेगवेगळी दिली आहेत.

हे नेबुकद्नेझरचे वंशज का? गावांचा नकाशा आणि नावाचा इतिहास पाहिला तर मला तसं म्हणवत नाही, नाव मधल्या काळात चर्चकडून आलेलं दिसतं. पण पाच-पावणेसहाशे वर्षं एखाद्या समाजाने नाव अंगावर वागवलं, त्या नावाने मार खाल्ला, त्या नावाने चर्च आणि दुकानं उभी केली, तर ते त्यांचं नाव झालंच, त्याला वंशावळीचा दाखला मागायचा नाही.

तर लिहिताना मी असं करतो: बायबलच्या संदर्भात खास्दी, बॅबिलोनच्या राजघराण्यासाठी खाल्डियन, आजच्या समाजासाठी कॅल्डियन, सामान्यरूपात कॅल्डियनांचा, कॅल्डियनांना. आणि आजींशी बोलताना 'श्लामा' म्हणून सुरुवात करा, तो त्यांचा नमस्कार, अर्थ शांती.