'कामी' आणि 'तायो' : मनिलातली पहिली वर्षं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा २३ वर्षांचा, पुण्यातला तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपलाय, आणि आता संस्था त्याला ईशज्ञानासाठी (थिऑलॉजी), मिशनरी म्हणून घडण्यासाठी फिलिपिन्सला पाठवते आहे. दिवस कसा जाईल, खाईल काय, एकटा पडेल का, असं तुम्ही विचारलंय. मी २०१३ च्या जूनमध्ये वसईतून असाच मनिलाला गेलो होतो, तेव्हा मीही जवळपास त्याच वयाचा होतो. आता धर्मगुरू आहे. जे पाहिलं ते लिहितो.

खाण्याची काळजी आधी मिटवतो, कारण ती सगळ्यात छोटी आहे. भात तिन्ही वेळा असतो. सकाळी लसूण घालून परतलेला भात, अंडं आणि तळलेली सुकी मासळी. ज्याच्या घरी सुका बोंबील भाजला जातो त्या मुलाला ते ताट परकं वाटत नाही. शुक्रवारी मुगाचं पातळ कालवण असतं, नाव 'मुंग्गो'. कच्च्या पपईचं 'आचारा' मिळतं, आंबटगोड. आपल्या अचाराचाच शब्द. तिखट मात्र जवळजवळ नसतं. घरचा मसाला किलोभर द्या, चांगला बांधून. लोकरीचे कपडे देऊ नका. पाऊस तिथेही जूनमध्येच येतो, वादळं मात्र आपल्यापेक्षा फार जास्त.

दिवस साधारण असा. पाचला घंटा. प्रार्थना, मनन, सहाच्या सुमाराला मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मग न्याहारी. आठ ते बारा वर्ग, ते इंग्रजीतून. जेवणानंतर थोडी झोप, मग अभ्यास किंवा काम. काम म्हणजे खरंच काम: संडास धुणं, अंगण झाडणं, भांडी, आणि स्वतःचे कपडे हाताने. न्हाणीघरात बादली आणि 'ताबो' म्हणजे मग, अगदी आपल्यासारखं. संध्याकाळी बास्केटबॉल, कारण त्या देशात प्रत्येक गल्लीत एक रिंग असतेच. सायंप्रार्थना, जेवण, तासभर गप्पा, आणि नऊनंतर मौन. आमच्या घरात व्हिएतनामचे, इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावरचे आणि फिलिपिनो मुलगे होते. मी एकटाच भारतीय होतो.

या वेळापत्रकाची सवय महिन्याभरात होते, सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, राहिलेल्या मुलाला तर लगेच. खरी शिकवण वेळापत्रकाबाहेर होते, आणि ती जड जाते. आतापर्यंत तुमचा मुलगा बोलणारा, वाचणारा, चारचौघांत मत मांडणारा होता. तिथल्या वस्तीत गेल्यावर तो दोन वर्षांच्या पोराएवढा होईल. लोक त्याच्याशी सावकाश बोलतील, तो मान हलवेल, अर्धं कळणार नाही. प्रार्थनेत पुढे उभा राहणारा मुलगा आजारी माणसाच्या खाटेशी नुसता बसून राहील, कारण बोलायला शब्दच नसतील. मला हे पहिले चार-पाच महिने सोसलं नाही. पत्रांत मी घरी 'सगळं छान' असं लिहीत होतो. त्याने तसं लिहिलं तर थोडं खोदून विचारा.

भाषेबद्दल एक गोष्ट त्याला आत्ताच सांगा, याने त्याचे काही महिने वाचतील: तागालोग, म्हणजे मनिलातली बोली, इंग्रजीतून शिकू नकोस, मराठीतून शिक. माझ्यासोबतच्यांना जे समजायला आठवडे लागले ते आपल्या तोंडात आधीपासून आहे. तागालोगमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. ऐकणाऱ्याला वगळून म्हणायचं तर 'कामी', त्याला धरून म्हणायचं तर 'तायो'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून इंग्रजीतून शिकणारा अडखळत राहतो. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना तिथे 'आमा नामिन' अशी सुरू होते, आणि ते 'नामिन' म्हणजे नेमकं 'आमच्या'. 'आपल्या' नव्हे, कारण आपण देवाशीच बोलतो आहोत. हे मला पहिल्या आठवड्यात कळलं आणि त्या रात्री मी ती प्रार्थना दोन्ही भाषांत कितीतरी वेळा म्हटली.

क्रियापदांचंही तसंच. 'मी मासळी आणली' म्हणताना आपलं क्रियापद 'मी'कडे न बघता मासळीकडे बघतं ना? तागालोगमध्येही क्रियापद कधी करणाऱ्याकडे बघतं, कधी वस्तूकडे: एकदा 'बुमिली', एकदा 'बिनिली'. नियम आपल्यापेक्षा पुष्कळ निराळे आहेत, पण अशी भाषा असू शकते हेच मुळी आपल्याला नवं नसतं. भाताचंही तसंच: शेतातला 'पालाय', कोठीतला 'बिगास', ताटातला 'कानिन'. साळ, तांदूळ, भात. वाक्यात आदराने 'पो' घालायचं, ते आपलं अहो-जाहोच. थोरांचा हात हातात घेऊन कपाळाला लावतात, 'मानो पो' म्हणतात. आपल्या घरी संध्याकाळच्या जपमाळेनंतर मोठ्यांचा आशीर्वाद घेतात तसं. आणि प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना, सुरू होतो 'सुमासांपालाताया आको' या शब्दांनी, मी श्रद्धा ठेवतो. त्या लांबलचक शब्दाच्या पोटात संस्कृतातला 'संप्रत्यय' आहे. मुख तिथे 'मुखा', गुरू तिथे 'गुरो'. एवढ्या दूर हे शब्द आपल्याआधी पोचले आहेत, हे त्याला धीर देईल. मला दिला.

आता जे कोणी आधी सांगत नाही ते. तिथे भारतीय माणसाला 'बुंबाय' म्हणतात, मुंबईवरून. बाजारातला मोठा कांदाही 'सिबुयास बुंबाय'. यात बहुतेक वेळा हेटाळणी नसते. पण मोटरसायकलवरून फिरून व्याजाने पैसे देणारे भारतीय तिथल्या गल्ल्यांत सगळ्यांना माहीत आहेत. त्या धंद्याला 'फाइव्ह-सिक्स' म्हणतात: पाच घ्या, सहा परत करा. पोर ऐकत नसेल तर आया 'बुंबाय घेऊन जाईल' म्हणतात. आम्ही शनिवारी मनिलाला लागून असलेल्या क्वेझॉन सिटीतल्या पायातासला जात असू. तिथे तेव्हा शहराचा कचऱ्याचा डोंगर होता. २००० च्या जुलैमध्ये तो कोसळून दोनशेहून जास्त माणसं गाडली गेली होती. कचरा वेचून जगणाऱ्यांची वस्ती. पहिल्या शनिवारी एका बाईने मला बघून दार लावून घेतलं. तिला वाटलं, हप्ता मागायला आलो. मी गळ्यातला क्रूस शर्टाबाहेर काढून उभा राहिलो आणि मला काहीच बोलता येईना. येशूचं नाव सांगायला आलेल्या माणसाला बघून एक गरीब बाई घाबरली, हे मनातून जायला फार दिवस लागले.

तुमच्या मुलाच्या वाट्याला हे आलं तर त्याने चिडू नये, समजावत बसू नये, दर शनिवारी त्याच गल्लीत जात राहावं. दुसरा उपाय मला सापडला नाही.

८ नोव्हेंबर २०१३ ला हैयान हे महावादळ आलं, तिथे त्याला योलांडा म्हणतात. ताक्लोबान शहर उद्ध्वस्त झालं, हजारो माणसं गेली. आमचे वर्ग थांबले. सेमिनरीच्या हॉलमध्ये तांदूळ, सार्डिनचे डबे, नूडल्स यांच्या पिशव्या भरायचं काम रात्री उशिरापर्यंत चाले. शेजारपाजारची माणसं येत, साखळी करून उभी राहत. तांदळाची पिशवी हातात आली की पुढच्याला द्यायची, आणि सोबत एखादं वाक्य. तिथे व्याकरण कोणी तपासत नव्हतं. माझी जीभ त्या आठ-दहा रात्रींत सुटली. मध्यरात्रीच्या सुमाराला एक आजी सगळ्यांना हाक मारायची, 'काइन ना तायो', चला, आपण जेवू या. त्या 'तायो'मध्ये मीही होतो.

पुढे वर्षभराने पायातासच्या त्याच दारातून मला तीच हाक आली. ताटात भात आणि तळलेला एक मासा, खाणारी माणसं पाच. मी बसलो आणि हाताने जेवलो.

मनिलात त्याला एका वसईकराची आठवण काढायला सांगा. संत गोन्सालो गार्सिया वसईतून जपानला गेला, व्यापार केला, पण फ्रान्सिस्कन ब्रदर झाला तो मनिलात. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांच्यासोबत दुभाषा म्हणून परत जपानला गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रूसावर मरण पत्करलं. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. आपण त्याची हुतात्मा म्हणून भक्ती करतो ते योग्यच, पण मला तिथे राहून तो जास्त जवळचा वाटला तो दुभाषा म्हणून. त्यानेही कुठेतरी अंगणात बसून परकी क्रियापदं घोकली असतील. क्वेझॉन सिटीत पेद्रो बाउतिस्तांनी १५९० मध्ये स्थापलेलं चर्च आहे. मन जड झालं की सुट्टीच्या दिवशी मी जीपनीने, म्हणजे तिथल्या लांब जीपसारख्या प्रवासी गाडीने, तिथे जायचो. मुलालाही जाऊ दे.

फोनचं एवढं लक्षात ठेवा: मनिला आपल्यापुढे अडीच तास आहे. तुमची रात्री आठची जपमाळ संपेल तेव्हा तिथे मौन सुरू झालेलं असेल. रविवारी दुपारी एकला करा, तो मोकळा असेल. रोज करू नका, ताई. पहिले काही महिने तरी आठवड्यातून एकदाच.

नाताळ तिथला मोठा. सप्टेंबरपासून बांबू-कागदाचे तारे टांगतात. १६ ते २४ डिसेंबर नऊ पहाटे 'सिम्बांग गाबी'ची मिस्सा असते, अंधारातच, चर्च भरून माणसं रस्त्यावर उभी. बाहेर केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून बिबिंका नावाचा तांदळाच्या पिठाचा केक भाजत असतात. गोव्याच्या बिबिंकाचं नाव, चव मात्र पानगीच्या जवळची. त्या नऊ दिवसांत त्याला घर फार आठवेल. फोन हातात मिळाला तर मिस्सा संपल्या संपल्या तो तुम्हालाच लावेल. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतील. उशाशी ठेवा.