खान्देशच्या उन्हाळ्यात टिकेल अशी पहिली बेस गिटार कोणती घ्यावी?

चोपड्याहून तुम्ही विचारले आहे की, हौशी ऑर्केस्ट्रात वाजवण्यासाठी पहिली बेस गिटार घ्यायची आहे, तर ती चार तारांची घ्यावी की पाच तारांची, आणि 30,000 रुपयांत गिटार व अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारे यंत्र) ही दोन्ही बसतील का. मी जळगाव जिल्ह्यातलाच असून गेली बारा वर्षे हळदीच्या कार्यक्रमांपासून गणेशोत्सवापर्यंत एकाच चार तारांच्या गिटारवर वाजवत आलो आहे. माझ्या मते दोन्ही बसतात, पण त्यासाठी गिटारवर 18,000 ते 20,000 रुपयांपेक्षा जास्त घालू नयेत. यामाहा, आयबानेझ, स्क्वायर, कोर्ट यांपैकी कोणाचीही सुरुवातीची गिटार आपल्या कामाला पुरते. आपल्याकडे वाद्याचा घात ब्रँडमुळे होत नाही, तो हवेमुळे आणि विजेमुळे होतो.

तारांचा प्रश्न आधी संपवतो. चार तारांच्या गिटारवर सर्वांत खालचा स्वर ई, म्हणजे सुमारे 41 हर्ट्झ, आणि पाचव्या तारेने तो बी, म्हणजे सुमारे 31 हर्ट्झपर्यंत उतरतो. गायिकेच्या पट्टीसाठी गाणे खाली ओढले की ती पाचवी तार उपयोगी पडते, हे खरे. परंतु स्वस्त गिटारची खालची बी तार बहुधा ढिली आणि अस्पष्ट वाजते, आणि गावातल्या साऊंड सिस्टिमवर 31 हर्ट्झचा स्वर ऐकू येण्याऐवजी नुसता गुरगुरतो. क्वचित खालचा डी लागलाच तर ई तार दोन पडदे (दांड्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) इतकी ढिली करून उतरवून घ्यावी. म्हणून चार तारांचीच घ्या. बोटे लहान असतील तर तारेची लांबी 34 इंचांऐवजी 30 इंच असलेल्या गिटारी मिळतात, त्या हातात घेऊन पाहण्यात कमीपणा मानू नका. बीटल्सचे बेसवादक पॉल मॅकार्टनी यांची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर गिटार साधारण तेवढ्याच लांबीची आहे.

आता मुख्य गोष्ट. चार तारांचा मिळून ताण 70 किलोंहून जास्त असतो आणि तो सारा नेकवर, म्हणजे गिटारच्या लाकडी दांड्यावर, येतो. नेकच्या आतून ट्रस रॉड नावाची सळई गेलेली असते, ती या ओढीला उलटा ताण देऊन नेक जवळजवळ सरळ ठेवते. हा तोल आपल्याकडे कसोटीला लागतो, कारण मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, आणि जुलैत तीच हवा ओली होते. त्याहून वाईट चढउतार आपण स्वतःच घरात करतो. दुपारभर बंद राहिलेली कोरडी खोली आणि संध्याकाळी सुरू होणारा पाण्याचा कूलर, अशा खोलीत भिंतीला टांगलेली गिटार रोज कोरडी पडते आणि रोज ओल पिते. पहिल्या दोन उन्हाळ्यांत मी गिटार हौसेने कूलरच्या समोरच्या भिंतीवर लावली होती. नेक इतकी हलली की पाचव्या पडद्यानंतर तारा पडद्यांवर घासून खरखरू लागल्या, आणि पडदे बसवलेली लाकडी फळी आकसल्यामुळे पडद्यांची टोके करवतीसारखी हाताला लागू लागली. दुरुस्तीसाठी ती रेल्वेने मुंबईला पाठवली, तर येताना ट्यूनिंगचा एक खुंटा वाकून आला. तेव्हापासून गिटार केसमध्ये घालून आजोबांच्या धाब्याच्या घरातल्या आतल्या खोलीत ठेवतो, कारण जाड मातीच्या भिंतींमुळे तिथले तापमान फारसे हलत नाही. तुमचे घर पत्र्याचे असेल तर माळ्यावर आणि कपाटावर ती कधीही ठेवू नका, आणि कार्यक्रमाला जाताना टेम्पोत उन्हात सोडून जेवायला बसू नका.

जवळपास बेस गिटारचा कारागीर मिळणे अवघड असल्यामुळे अ‍ॅलन की (ट्रस रॉड फिरवण्याची षटकोनी चावी) वापरायला स्वतःच शिका. ई तार पहिल्या पडद्यावर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार व पडदा यांतली फट पाहा. ती सुमारे 0.3 मिलिमीटर, म्हणजे साधारण व्हिजिटिंग कार्डच्या जाडीइतकी असावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आणि नसेलच तर उलट दिशेने फिरवायचा. पण एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि पुढचा निर्णय दुसऱ्या दिवशी. रॉड घट्ट वाटला तर जोर न लावता थांबावे. उन्हाळ्यात नेक कोणत्या बाजूला जाते ते प्रत्येक लाकडाचे निराळे असते, म्हणून पहिल्या वर्षी दर दोन महिन्यांनी ही फट मोजून वहीत लिहून ठेवा. नेक ठीक झाल्यावरच ब्रिजवरून, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागावरून, तारांची उंची ठरवावी. बाराव्या पडद्यावर खालच्या ई तारेसाठी अडीच आणि वरच्या जी तारेसाठी दोन मिलिमीटर ही सुरुवातीची बरी मापे आहेत.

अ‍ॅम्पच्या बाबतीत इतकेच की तो बेससाठी बनवलेलाच असावा. साध्या गिटारच्या अ‍ॅम्पवर मोठ्या आवाजात बेस वाजवला की स्पीकर फाटण्याची भीती असते. घरच्या रियाजाला 8 किंवा 10 इंचांच्या स्पीकरचा लहान अ‍ॅम्प पुरतो, आणि घरच्यांच्या झोपेसाठी हेडफोनची सोय असलेला घ्यावा. कार्यक्रमात तो मंचावर आपल्यापुरता ठेवून आवाज डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल लांब केबलसाठी योग्य करणारी छोटी पेटी) मिक्सरला द्यायचा. गिटारमधून थेट सहा मीटरहून लांब केबल टाकली तर स्वर बोथट होतो. डीआय बॉक्सनंतर मात्र लांब केबल चालते.

विजेबद्दल गांभीर्याने सांगतो. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत अर्थला जोडलेल्या असतात आणि त्यांवर आपला हात सतत असतो. चार वर्षांपूर्वी एका गावातल्या हळदीत अ‍ॅम्प एका जनरेटरवर आणि मिक्सर दुसऱ्या लाइनवर होता. मागे सूर धरायला मी माइकजवळ तोंड नेले आणि ओठाला असा झटका बसला की गाणे तिथेच थांबले. दोष कोणा एकाचा नव्हता, तिथे अर्थिंगच नव्हते. आता मी मंडपात गेल्यावर आधी वायरमनकडून अर्थ तपासून घेतो आणि मंचावरची सगळी वाद्ये व मिक्सर एकाच बोर्डावर घ्यायला सांगतो. गुणगुण येते म्हणून कोणी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढायला निघाला तर त्याचा हात धरा. त्यासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचे, म्हणजे फक्त आवाजाच्या केबलची अर्थची जोडणी तोडणारे, बटण असते.

तारा घामाने लवकर मरतात. सपाट वेटोळ्यांच्या फ्लॅटवाउंड तारांमध्ये घाम आणि मळ कमी साठतो आणि जुन्या हिंदी गाण्यांना त्यांचा गोल आवाज शोभतो, म्हणून मी त्याच वापरतो. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारे जेम्स जॅमरसनही फ्लॅटवाउंडच वापरत आणि त्या बदलायचे मनावर घेत नसत. गोल वेटोळ्यांच्या राउंडवाउंड तारा घेतल्यात तर वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसा.

दुकानात गिटार निवडताना ब्रिजकडून डोळा लावून नेक पिळलेली नाही ना ते पाहा, कारण वाकलेली नेक सरळ होते, पिळलेली सहसा होत नाही. प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा एकदा तरी वाजवा, आणि बॅटरीवर चालणारी गिटार असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची हे लक्षात असू द्या, कारण केबल लावलेली राहिली की 9 व्होल्टची बॅटरी रात्रभर संपत राहते. पहिल्या तालमीआधी तुमच्या की-बोर्डवाल्याशीही बोलून घ्या: त्याच्या की-बोर्डच्या तयार स्टाइलमध्ये बेस आधीच वाजत असतो, तो बंद करून आणि डावा हात वर उचलूनच त्याने साथ करावी, नाहीतर तुमचे काम दोघे करतील आणि दोन्ही ऐकू येणार नाहीत.