गॉगल किती काळा, हे आधी विचारा

प्रश्न : मी ५३ वर्षांचा आहे. साताऱ्यात राहतो आणि कामासाठी आठवड्यातून तीन-चार वेळा स्वतः गाडी चालवत पुण्याला जातो. सकाळी सातला निघतो, संध्याकाळी पाचच्या सुमारास परत फिरतो. दूरचा आणि वाचायचा असे दोन्ही नंबर आहेत, बायफोकल वापरतो. हल्ली उन्हाने डोळे दुखतात, पाणी येतं. रस्त्याकडेला दीडशे रुपयांच्या गॉगलवरही ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं असतं आणि दुकानात सहा हजारांचा पोलराइज्ड दाखवतात. एका मित्राने उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा सुचवल्या. मी नेमकं काय घेऊ? – एक वाचक, सातारा

उत्तर : मी कराडला चष्म्याचं काम करते. पुण्याला जायचा माझाही रस्ता हाच, त्यामुळे तुमच्या रस्त्यापासूनच सुरुवात करते. सातारा ते पुणे हा प्रवास साधारण दक्षिणेकडून उत्तरेकडे होतो. सकाळी जाताना सूर्य तुमच्या उजव्या हाताला असतो. संध्याकाळी येताना तोंड दक्षिणेला असतं आणि सूर्य पश्चिमेला गेलेला असतो, म्हणजे पुन्हा उजव्याच हाताला. आपल्याकडे चालक बसतोही उजवीकडे. दोन्ही वेळचं ऊन तुमच्या बाजूच्या खिडकीतून, तिरकं, थेट डोळ्याच्या कडेला येतं. हिवाळ्यातल्या संध्याकाळी ते थोडं पुढून येतं आणि सगळ्यात जास्त छळतं ते तेव्हाच.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं, की गाडीच्या सगळ्या काचा सारख्या नसतात. समोरची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली असते आणि ती अतिनील (यूव्ही) किरण जवळपास पूर्ण अडवते. दाराची काच बहुतेक गाड्यांत एकेरी असते आणि तिच्यातून ‘यूव्हीए’ प्रकारचे किरण बऱ्यापैकी आत येतात. म्हणून तुम्हाला गॉगल हवा तो डोळ्याच्या कडेपर्यंत वळलेला, भुवईला आणि गालाला नीट बसणारा. मात्र काड्या रुंद नकोत. रुंद काडी ऊन अडवते हे खरं, पण बाजूने येणारी दुचाकीही झाकते. गॉगल घालून मान न वळवता उजवीकडचा आरसा दिसतो का, हे दुकानातच बघा.

आता काळेपणाबद्दल. काच जितकी काळी तितकं डोळ्यांचं रक्षण जास्त, ही समजूत मला रोज ऐकू येते आणि दर वेळी मी ती खोडून काढते. अतिनील किरण अडवण्याचा आणि काच काळी असण्याचा एकमेकांशी संबंध नाही. पूर्ण पारदर्शक काचही ४०० नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे सगळे अतिनील किरण अडवू शकते. ‘यूव्ही ४००’चा अर्थ तोच. उलट काच नुसतीच काळी असेल आणि किरण अडवत नसेल, तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणांना आत यायला वाट मोकळी मिळते. दीडशे रुपयांचा प्रत्येक गॉगल वाईट असतो असं मी म्हणणार नाही, पण त्याच्यावरच्या चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नका. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत यूव्ही तपासायचं छोटं यंत्र असतं. काच त्यात धरायला सांगा, मिनिटभरात कळतं.

काळेपणाच्या शून्य ते चार अशा पाच श्रेणी असतात. चांगल्या गॉगलच्या काडीच्या आतल्या बाजूला तो आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो. श्रेणी २ मधून १८ ते ४३ टक्के प्रकाश आत येतो, श्रेणी ३ मधून ८ ते १८ टक्के. श्रेणी ४ मधून फक्त ३ ते ८ टक्के. ती बर्फाळ डोंगरांसाठी असते आणि गाडी चालवताना वापरायचीच नाही. तिच्यावर फुली मारलेल्या मोटारीचं चित्रही असतं. यात आणखी एक हिशेब धरायला हवा. समोरची काचही थोडा प्रकाश खाते. आपल्या नियमाप्रमाणे तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश यायला हवा. समजा तिच्यातून ७० टक्केच येतो आणि गॉगलमधून १५ टक्के, तर डोळ्यापर्यंत पोचतो तो साडेदहा टक्के. भर दुपारी एवढा पुरतो. तुमच्या वेळा सकाळ-संध्याकाळच्या आहेत, म्हणून मी तुम्हाला श्रेणी २ मधली गडद बाजू किंवा श्रेणी ३ मधली फिकट बाजू घ्यायला सांगेन, त्याहून काळं काही नको.

कारण मध्ये बोगदे आहेत. खंबाटकी, मग कात्रजचा नवा बोगदा. लख्ख उन्हातून आत शिरताना डोळ्याला अंधाराशी जुळवून घ्यायला काही सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद नीट दिसलं नाही तर ६६ मीटर अंदाजाने पार होतात, आणि आत एखादा ट्रक रखडत चाललेला असू शकतो. बोगद्यात गॉगल उतरवायलाच हवा, पण तुमचा नंबर गॉगलमध्येच असेल तर तो उतरवल्यावर दूरचं दिसणार कसं? म्हणून तुमच्यासाठी माझी पहिली पसंती नंबरच्या चष्म्यावर बसणाऱ्या, वर उचलता येणाऱ्या पोलराइज्ड क्लिपला आहे. बोगदा दिसू लागला की एका बोटाने वर करायची. क्लिप त्याच फ्रेमच्या मापाची घ्या, नाहीतर कडेने ऊन आत येतं आणि खालच्या काचेवर ओरखडे पडतात.

पोलराइज्ड घ्यावी का? घ्यावी. ओला डांबरी रस्ता, गाडीचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश बराचसा आडव्या दिशेनेच कंप पावतो आणि पोलराइज्ड काच नेमका तोच अडवते. डॅशबोर्डचं समोरच्या काचेत पडणारं प्रतिबिंबही तिने पुष्कळ कमी होतं. दोन गोष्टी मात्र आधी पडताळा. गाडीतला डिजिटल पडदा या काचेतून काळपट दिसू शकतो, म्हणून शक्य असेल तर क्लिप लावून आपल्याच गाडीत बसून बघा. दुसरं म्हणजे काच खरोखर पोलराइज्ड आहे का. तशाच दोन काचा एकीवर एक धरा आणि एक काटकोनात फिरवा. दोन्ही खऱ्या असतील तर जवळपास काळोख होतो.

आपोआप काळ्या होणाऱ्या काचा तुमच्या कामाच्या नाहीत. त्या काळ्या होतात अतिनील किरणांनी, आणि ते तर समोरची काच अडवते. त्यामुळे बाहेर चालताना छान काळी होणारी काच गाडीत बसलं की फिकीच राहते. गाडीतही थोड्या काळ्या होणाऱ्या नव्या काचा निघाल्या आहेत, पण त्या घरातही पूर्ण पांढऱ्या होत नाहीत.

रंग राखाडी घ्या किंवा तपकिरी. राखाडीतून सिग्नलचे रंग जसेच्या तसे दिसतात, तपकिरीतून रस्त्यावरचे खड्डे जास्त उठून दिसतात. निळा, गुलाबी, लाल नको. आणि तुमच्या नंबरच्या काचेला आतल्या बाजूनेही चकाकी कमी करणारा थर असू द्या. हिवाळ्यातल्या सकाळी सूर्य उजवीकडून किंचित मागे असतो आणि काचेच्या आतल्या बाजूवरून उलटून थेट डोळ्यात येतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. डोळ्यांतून पाणी येणं हे फक्त उन्हामुळे नसतं. एसीचा झोत तोंडावर असला तर डोळे कोरडे पडतात आणि कोरड्या डोळ्यातूनच जास्त पाणी गळतं. झोत खाली वळवा आणि क्लिप घेण्याआधी नंबर तपासून घ्या.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्यांना फुटल्यासारखे, भोवती कडं असल्यासारखे दिसतात. ‘नाइट ड्रायव्हिंग’चा पिवळा चष्मा घेऊन देऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नका घेऊ. पिवळी काचही थोडा प्रकाश अडवतेच, आणि रात्री तो आधीच कमी असतो. बोस्टनच्या शेपेन्स या नेत्र-संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर हे तपासलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : समोरून दिवे येत असताना रस्त्यावरचा माणूस ओळखायला पिवळ्या चष्म्याची मदत झाली नाही. या वयात दिव्यांभोवती कडं दिसायला लागलं तर पहिला संशय मोतीबिंदूचा. या आठवड्यातच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, मधुमेह असेल तर पडदाही तपासायला सांगा. तोवर रात्रीची गाडी त्यांच्या हाती देऊ नका.