सिबिल 34 अंकांनी पडला, पण कार्डाचं काय?

तुमचं पत्र थोडक्यात असं: फर्निचरसाठी 3 लाखांचं पर्सनल लोन हवं म्हणून एका लोन अ‍ॅपवर अर्ज टाकला, दोन दिवसांत ‘तुमचा क्रेडिट रिपोर्ट पाहिला गेला’ असे पाच मेसेज आले, सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा क्रेडिट स्कोअर, 762 वरून 728 वर आला, तर रिपोर्ट कुणी पाहिला की कळवणारा 1,200 रुपये वर्षाचा अलर्ट प्लॅन घेऊ का?

नका घेऊ. कुणी बँक किंवा एनबीएफसीने (बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी) तुमचा रिपोर्ट काढला की ब्युरोने, म्हणजे हे रिपोर्ट ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीने, मेसेज किंवा ईमेल पाठवायचा हा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे 2024 पासून, आणि फुकट, म्हणून तर ते पाच मेसेज आले ना. अशा अ‍ॅपवर एक फॉर्म भरला की तो चार-पाच ठिकाणी फिरतो आणि प्रत्येकाची वेगळी इन्क्वायरी (रिपोर्ट पाहिल्याची नोंद) लागते. चारही ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, तो काढून रिपोर्ट पाहणाऱ्यांची नावं जुळवा. एखादं अजिबात ओळखीचं नसेल तर ब्युरोकडे डिस्प्यूट, म्हणजे तक्रार, टाका, 30 दिवसांत निकाली नाही निघाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. इन्क्वायऱ्यांचा फटका छोटा असतो, काही महिन्यांत भरून निघतो, आणि स्वतःचा स्कोअर स्वतः बघून तर काहीच कमी होत नाही.

आता ते, जे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. कार्डाची लिमिट 2 लाख, बाकी 1.8 लाख, दर महिन्याला मिनिमम ड्यू 9,000 भरताय आणि शेजारी 2.5 लाखांची एफडी 7 टक्क्यांनी ‘मुलीच्या शिक्षणासाठी’ तशीच ठेवलीय. अहो, कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 6,300, वर 18 टक्के जीएसटी, झाले साधारण 7,400. 9,000 मधले मुद्दलात जातात जेमतेम 1,600! एफडी महिन्याला देते 1,450. मिनिमम भरलं की सिबिल शाबूत राहतो असं तुम्हाला कार्ड विकणाऱ्याने सांगितलं, ते अर्धंच खरंय, डिफॉल्ट लागत नाही एवढंच. लिमिटच्या 90 टक्के वापर रिपोर्टात दिसतोय, ते 34 अंक नुसत्या इन्क्वायऱ्यांनी गेले असं मला तरी वाटत नाही.

एफडी मोडायला जीव होत नसेल तर मोडू नका, तिच्यावर लोन किंवा ओव्हरड्राफ्ट (लागेल तेवढंच उचलायची सोय) घ्या. साधारण 90 टक्क्यांपर्यंत मिळतं, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. साडेआठ धरा, महिन्याला 1,300 च्या आसपास. कार्ड एका दिवसात शून्य करा आणि तेच 9,000 इकडे भरत राहा, दोन वर्षांच्या आत मोकळे. मोडलीत तरी दंड अर्धा-एक टक्का, वर्षभराचे फार तर 2,500, कार्डाच्या दोन आठवड्यांच्या व्याजापेक्षाही कमी.

आणि 3 लाखांचं फर्निचर? कार्ड फिटेपर्यंत त्या अ‍ॅपवाल्याचा फोनच उचलू नका.